शिकागोतले रिकामे काचेचे टॉवर: त्यांची घरे का होत नाहीत?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही पुण्याहून बदलीवर शिकागोला आला आहात. रोज लूपमधून, म्हणजे शहराच्या मधल्या ऑफिसांच्या भागातून, चालत ऑफिसला जाताना १९५५ ते १९७५ या काळातले काळे-करडे काचेचे टॉवर दिसतात, आणि त्यांतल्या कित्येकांवर जागा भाड्याने देण्याच्या पाट्या लागलेल्या असतात. इकडे तुम्ही स्वतः घर शोधताय आणि भाडी ऐकून हैराण झाला आहात. मग या रिकाम्या टॉवरांत घरे का करत नाहीत? आणि जमत नसेल तर हे ‘एकाच साच्यातले चौकोनी डबे’ पाडून का टाकत नाहीत? उलट त्यांतल्या काहींना वारसा म्हणून जपतात ते कशासाठी?

मी आर्किटेक्ट आहे. या शहरातल्या जुन्या उंच इमारतींच्या बाहेरच्या आवरणाची तपासणी आणि दुरुस्ती हे माझे रोजचे काम, त्यामुळे माझे उत्तर त्या बाजूने झुकणार हे आधीच सांगतो. पैशाचा हिशेब मांडणारी मंडळी वेगळी. मी बैठकीला त्यांच्या शेजारी असतो आणि ऐकतो, इतकेच.

आधी प्रश्न जरा नेमका करू. ऑफिसांची घरे किंवा हॉटेले होतातच. शिकागोत महायुद्धापूर्वीच्या कितीतरी ऑफिस-इमारतींची ती झालेली आहेत आणि लोक तिथे सुखाने राहताहेत. घोडे अडते ते महायुद्धानंतरच्या टॉवरांपाशी. त्याचे कारण रस्त्यावरून कळत नाही, कारण रस्त्यावरून आपण काच बघतो. इमारतीचे काय करता येईल हे ठरते मजल्याच्या नकाशावर: बाहेरच्या काचेपासून मधल्या कोअरपर्यंत (लिफ्ट, जिने, संडास, डक्ट यांचा तो गठ्ठा) किती फूट अंतर आहे, यावर.

जुन्या काळी एसी नव्हता आणि दिवेही मिणमिणते. कारकुनाचे टेबल खिडकीजवळच असावे लागे. म्हणून मोठ्या इमारतीच्या पोटात उजेडासाठी मोकळी जागा सोडत, आपल्या वाड्यांना चौक असतो तशी. लासाल स्ट्रीटवरची १८८८ ची रुकरी इमारत आत जाऊन बघा. चारी बाजूंनी ऑफिसे, मध्ये चौक, आणि चौकावर काचेचे छप्पर. अशा इमारतीत कुठेही उभे राहिलात तरी खिडकी फार लांब नसते. म्हणूनच तिच्या पिढीतल्या इमारतींची घरे करणे त्या मानाने सोपे जाते.

मग ट्यूबलाइट आली, एसी आला, आणि टेबल खिडकीपासून पन्नास फूट आत गेले तरी चालू लागले. भाडे चौरस फुटावर मिळत असल्यामुळे मालकांनी चौक बंद केले आणि मजले फुगवले. लूपमध्ये हा बदल एकदम आल्यासारखा दिसतो, कारण १९३४ च्या फील्ड बिल्डिंगनंतर मंदी आणि युद्ध यांमुळे तिथे दोन दशकांहून अधिक काळ नवा मोठा ऑफिस टॉवर उभाच राहिला नाही. पुन्हा सुरुवात झाली ती पन्नाशीच्या उत्तरार्धात, इनलँड स्टील बिल्डिंगपासून. तोवर इमारत आतून चालवण्याची सगळी रीतच बदललेली होती.

घराला हे फुगलेले मजले सोसत नाहीत. स्वयंपाकघर, न्हाणी, कपाटे अंधारात चालतात. बैठकीची खोली आणि झोपायची खोली यांना खिडकी लागते. माझ्या अनुभवात काचेपासून आत पंचवीस-तीस फुटांपर्यंत चांगले घर बसते. त्यापुढे जी जागा उरते ती कुणी पैसे मोजून घेत नाही. काचेपासून कोअर पंचेचाळीस-पन्नास फूट लांब असेल, तर प्रत्येक मजल्यावर मधला पट्टा वाया जातो, नाहीतर घरे बोगद्यासारखी लांबट होतात. जाहिरातीत ‘डेन’ किंवा ‘होम ऑफिस’ असे लिहिलेली बिनखिडकीची खोली दिसली, की ती याच अडचणीतून निघालेली आहे असे बहुतेक वेळा समजावे.

‘सगळे डबे सारखेच’ म्हणणाऱ्यांना मी दोन ठिकाणे दाखवतो, दोन्ही मीस व्हॅन डर रोह या आर्किटेक्टची. पहिले, सरोवराकाठचे ८६०–८८० लेक शोअर ड्राइव्ह, १९५१ चे. सव्वीस मजल्यांच्या दोन इमारती, आणि त्या मुळातच घरांसाठी बांधलेल्या. खांबांमधले अंतर २१ फूट, एका बाजूला तीन गाळे, दुसऱ्या बाजूला पाच. म्हणजे इमारत ६३ फूट बाय १०५ फूट. दुसरे ठिकाण लूपमधले फेडरल सेंटर: १९६४ चे डर्कसन न्यायालय, १९७४ चा पंचेचाळीस मजली क्लुझिन्स्की टॉवर आणि एकमजली पोस्ट ऑफिस. इथे खांबांची जाळी २८ फुटांची आहे आणि मजले कितीतरी रुंद. बाहेरून बघाल तर तेच काळे पोलाद, काचेवरून उभ्या धावणाऱ्या त्याच आय-आकाराच्या पट्ट्या. पहिल्या ठिकाणी लोक सत्तर वर्षांहून अधिक काळ राहताहेत. दुसऱ्या ठिकाणी घरे करायची म्हटली, तर मजल्याच्या मधल्या भागाचे करायचे काय, हा पहिलाच प्रश्न पडेल. (लेक शोअरच्या घरांना सुरुवातीला मध्यवर्ती एसी नव्हता. पश्चिमेकडच्या काचेच्या खोल्यांत जुलैत काय होत असेल याची कल्पना करा. मीसची भक्ती करणारे हे सहसा सांगत नाहीत.)

आता या नियमाला एक मजेदार अपवाद. मघाशी उल्लेख केलेली इनलँड स्टील बिल्डिंग, ३० वेस्ट मन्रो. १९५८ ची, एसओएम या फर्मची. ब्रूस ग्रॅहम आणि वॉल्टर नेट्श यांचे काम. एकोणीस मजले, पोलादी खांब सगळे बाहेरच्या कडेला, त्यामुळे आत सुमारे ५८ फुटांचा पट्टा पूर्ण मोकळा. लिफ्ट, जिने, संडास हे सगळे शेजारच्या वेगळ्या बिनखिडकीच्या पंचवीस मजली टॉवरमध्ये काढून ठेवलेले. कागदावर घरांसाठी याहून चांगला मजला सापडणे कठीण! मधून एक व्हरांडा काढा, दोन्ही बाजूंना पंचवीस-सव्वीस फूट उरतात. हव्या तितक्या भिंती घाला, खांब कुठेही आडवा येत नाही.

आणि तरीही ते करणे सोपे नाही. सगळे पाण्याचे आणि सांडपाण्याचे नळ त्या बाजूच्या टॉवरमध्ये आहेत. प्रत्येक घराला न्हाणी आणि ओटा द्यायचा, तर एकतर सांडपाणी आडवे इतके लांब न्यायचे की उतार देता देता खालच्या मजल्याचे छत नको तितके खाली येते. नाहीतर प्रत्येक स्लॅबला भोके पाडून नवे उभे नळ टाकायचे. या पिढीच्या पोलादी इमारतींत स्लॅबखाली घडीचा पत्रा असतो, त्याच्या पन्हळींतून वायरी धावतात, आणि खाली लांब पल्ल्याचे गर्डर. भोक कुठे पाडायचे हे आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर सांगतो, प्लंबर नंतर. मजलाही लहान, साधारण दहा हजार चौरस फूट, म्हणजे बऱ्याच खर्चातून थोडीच घरे. शिवाय ती १९९८ पासून शहराची संरक्षित वास्तू आहे. आणि अख्खा मजला एकट्याच्या नावावर हवा असणाऱ्या लहान कंपन्यांना असली जागा आवडते. मग मालकाने हा उपद्व्याप का करावा?

तर इथवरचे सार: अंतर जुळले पाहिजे, नळ जुळले पाहिजेत, आणि ऑफिस म्हणून ती जागा खरोखरच चालेनाशी झालेली असली पाहिजे. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच बोलणी पुढे सरकतात. ऑफिस टॉवरची एक जमेची बाजूही सांगतो. सकाळी नऊला सगळे एकदम येतात म्हणून ऑफिसांना लिफ्ट भरपूर असतात. घरांना तितक्या लागत नाहीत. उरलेल्या लिफ्टच्या डक्टमधून नवे नळ आणि हवेचे डक्ट घालता येतात. कित्येक प्रकल्प एवढ्यावर तरतात.

तुम्ही हॉटेलांविषयी विचारले नाहीत, पण या टॉवरांना घरापेक्षा हॉटेल जास्त सोसते. नदीच्या उत्तर काठावरचा ३३० नॉर्थ वॉबॅश, म्हणजे मूळचा आयबीएमचा बावन्न मजली टॉवर, मीसने अमेरिकेत आखलेली शेवटची मोठी इमारत. ती पूर्ण झालेली बघायला तो राहिला नाही. १९६९ मध्येच गेला. २०१३ मध्ये तिच्या दुसऱ्यापासून तेराव्या मजल्यापर्यंत लँगम हॉटेल आले, आणि खालची लॉबी मीसच्या नातवाने, डर्क लोहानने केली. वर ऑफिसे तशीच राहिली. हॉटेलच्या पाहुण्याला उघडणारी खिडकी लागत नाही. खोली लांबट असली तरी त्याचे दोन दिवसांत काही बिघडत नाही. आणि मजल्याच्या मधल्या अंधाऱ्या पोटात बँक्वेट हॉल, मुदपाकखाना, पोहण्याचा तलाव असे सगळे मावते. समोरच्या मरीना सिटीमधल्या बुटक्या ऑफिस-इमारतीचेही असेच हॉटेल झाले. अख्ख्या टॉवरची घरे करण्यापेक्षा असा वाटा पाडणे मला बहुतेक वेळा शहाणपणाचे वाटते.

आता काचेकडे येतो. माझे पोट तिच्यावर आहे.

त्या काळातल्या बहुतेक कर्टन वॉलमध्ये (इमारतीवर बाहेरून टांगलेले काच-धातूचे आवरण) एकच काच असते, साधारण पाव इंच जाडीची, आणि चौकट सलग धातूची. चौकटीचा आतला भाग आणि बाहेरचा भाग यांच्यामध्ये थंडी अडवणारे काहीच नाही. जानेवारीत बाहेर उणे पंधरा असले की आतली चौकट हाताला बर्फासारखी लागते. ऑफिसात हे निभावून जाते, कारण तिथली हिवाळ्यातली हवा कोरडी असते आणि रात्री मजला रिकामा असतो. तिथे घर आले की कुकरच्या शिट्ट्या आल्या, गरम पाण्याच्या आंघोळी आल्या, वाळत घातलेले कपडे आले, रात्रभर माणसांचे श्वास आले. पन्नास वर्षे कोरड्या राहिलेल्या चौकटीला घाम फुटतो. ते पाणी खालच्या पट्टीत साचते, तिथून आतल्या साध्या पोलादापर्यंत पोचते. पोलाद गंजते, आणि गंज फुगतो. फुगलेला गंज काचेला कडेने रेटतो, आणि एखाद्या थंड सकाळी काचेच्या कोपऱ्यात तडा दिसतो. लोक ‘काच खराब होती’ म्हणतात. काचेचा बिचारीचा काही दोष नसतो.

उपाय तीन. आतून दुसरी काच बसवायची. स्वस्त पडते, पण नीट सील झाली नाही तर पाणी दोन काचांच्या मध्ये साचते आणि ते पुसताही येत नाही. दुसरा, जुन्या चौकटीत दुहेरी काच घालायची. ती जाड आणि जड, जुन्या खाचेत बसेलच असे नाही, आणि चौकट तो भार पेलेल का हे तपासावे लागते. तिसरा, सगळे आवरण उतरवून नवे लावायचे. न्यूयॉर्कच्या लिव्हर हाउसचे (१९५२) हेच झाले. वरून स्टेनलेस स्टीलचे टोपण, आत साधे पोलाद. पाणी शिरत राहिले आणि आतले पोलाद गंजले. शतक बदलण्याच्या सुमारास अख्खी कर्टन वॉल बदलली, पण अशा रीतीने की रस्त्यावरून फरक कळू नये. उपाय कोणता निवडायचा हे इमारतीगणिक बदलते, त्यामुळे फोटो बघून मी कधीच सल्ला देत नाही. दोन-चार चौकटी उघडून आत गंज किती आहे ते बघितल्यावरच बोलतो.

हवेचा प्रश्न वेगळाच. हे टॉवर सीलबंद आहेत. घर केले की प्रत्येक घरात ताजी हवा यायला हवी आणि ओट्यावरचा धूर बाहेर जायला हवा. सोपा मार्ग म्हणजे काचेच्या जागी जाळ्या बसवणे. साध्या इमारतीत करा खुशाल. संरक्षित इमारतीत एका चौकटीची जाडी इंचभर वाढवायची तरी लँडमार्क कमिशनची, म्हणजे वारसा-वास्तू जपणाऱ्या शहराच्या मंडळाची, मंजुरी लागते, आणि माझ्या मते ते बरोबरच आहे. या इमारतींवर नक्षी नाही, कमानी नाहीत. जे काही सौंदर्य आहे ते प्रमाणात आणि सांध्यांत आहे. तेच बिघडवले तर जपायला उरते काय?

आगीचे आणि अ‍ॅस्बेस्टॉसचे थोडक्यात. पोलाद आगीपासून वाचवायला त्यावर जो लेप फवारत त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असे (त्याचे तंतू श्वासातून गेले तर घातक). अमेरिकेत तो १९७३ मध्ये बंद झाला, म्हणजे तुम्ही म्हणता त्यांतले बहुतेक टॉवर त्याआधीचे. तो काढण्याचा खर्च धरल्याशिवाय हिशेब सुरूच होत नाही. आणि ६९ वेस्ट वॉशिंग्टन, म्हणजे १९६५ ची ब्रन्सविक बिल्डिंग: स्ट्रक्चरल इंजिनिअर फझलुर खान यांच्या काँक्रीटच्या कामासाठी इंजिनिअर लोक आजही ती बघायला जातात. तीच २००३ च्या ऑक्टोबरमध्ये कुक काउंटीच्या (शिकागो ज्यात येते तो जिल्हा) ताब्यात असताना बाराव्या मजल्यावर आग लागली आणि सहा जण जिन्यात गुदमरून गेले. जिन्यातून मजल्यावर परतण्याची दारे कुलूपबंद होती, आणि स्प्रिंकलर नव्हते. त्यानंतर शहराने १९७५ पूर्वीच्या उंच व्यावसायिक इमारतींना स्प्रिंकलर सक्तीचे केले. घरे करताना जिने, दारे आणि पाण्याच्या टाक्या या गोष्टींवर आम्ही इतके का अडून बसतो ते यावरून कळेल.

पैशाबद्दल मला जेवढे कळते तेवढे सांगतो. नुसत्या भाड्यावर हे प्रकल्प क्वचितच उभे राहतात. ऐतिहासिक म्हणून नोंदलेल्या इमारतीच्या पात्र खर्चावर केंद्र सरकार वीस टक्के कर-सवलत देते. कुक काउंटी संरक्षित इमारतींना बारा वर्षे मालमत्ता करात सूट देते, पण भरीव खर्च केला तरच. आणि २०२२ पासून शहराची लासाल स्ट्रीटसाठी खास योजना आहे: शहर पैसे घालते, बदल्यात तीस टक्के घरे परवडणाऱ्या दरात ठेवावी लागतात. त्या योजनेत बहुतेक इमारती युद्धापूर्वीच्या आहेत यात आता तुम्हाला नवल वाटू नये.

तिच्यात ३० नॉर्थ लासालही आहे, आणि त्या जागेचा इतिहास सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिथे १८९४ पासून अ‍ॅडलर आणि सलिव्हन या आर्किटेक्ट जोडीने बांधलेले स्टॉक एक्स्चेंज होते. १९७२ मध्ये ते पाडले. पाडकाम चालू असताना त्यातली नक्षी वाचवायला गेलेला छायाचित्रकार रिचर्ड निकेल ढिगाऱ्याखाली सापडून मेला. एक्स्चेंजचा ट्रेडिंग हॉल आता आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये पुन्हा उभारला आहे, प्रवेशाची कमान तिथेच बाहेर उभी आहे. त्या जागी जो चव्वेचाळीस मजली टॉवर आला त्याच्यावर कुणाचेच प्रेम नव्हते. पन्नास वर्षांच्या आत त्याच्याच ऑफिसांना गिऱ्हाईक उरले नाही, आणि आता त्याची घरे करायची आहेत. शक्य झाले तर मला आनंदच होईल. त्या टॉवरला हात लावताना कुणाच्या भावना दुखावणार नाहीत, हा त्याचा फार मोठा फायदा आहे.

यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. सगळे जपा असे मी म्हणत नाही. इनलँड स्टील, फेडरल सेंटर, आणि पिकासोच्या पन्नास फुटी शिल्पामागे उभे असलेले डेली सेंटर या इमारतींना हात लावू नये, एवढे माझे ठाम मत आहे. डेली सेंटरचे ८७ फुटांचे गाळे आणि आपणहून गंजून स्वतःला जपणारे कॉर-टेन पोलाद जवळून बघा. न्यायालयांच्या उंच दालनांसाठी ती केली आणि आजही तिथे न्यायालयेच आहेत. बाकी त्यांच्या नकला. त्यांचे आवरण बदला, पोटात भोक पाडून उजेड आणा, कुणी रडणार नाही. माझी आशा आहे ती अशाच बिननावाच्या, मध्यम रुंदीच्या कोपऱ्यावरच्या इमारतींवर.

पाडणे मात्र तुम्हाला वाटते तितके सोपे नाही. गजबजलेल्या भागात टॉवर एकेक मजला करून वरून खाली उतरवावा लागतो, आणि आतला पोलादी सांगाडा बहुतेक वेळा ठणठणीत असतो. न्यूयॉर्कमध्ये २७० पार्क अ‍ॅव्हेन्यू हा १९६० चा बावन्न मजली टॉवर २०१९ पासून असाच उतरवला, तोही काही वर्षांपूर्वीच भरपूर खर्चून सुधारलेला असताना. तिथे त्याहून खूप मोठा टॉवर बांधायचा होता आणि मालक असलेल्या बँकेकडे पैसे होते. लूपमध्ये ऑफिसांनाच गिऱ्हाईक नसताना पाडून बांधणार काय?

राहिले तुमचे घर. अशा रूपांतरित इमारतीत भाड्याने घ्यायचा विचार असेल, तर शक्यतो कडक थंडीच्या सकाळी बघायला जा. खिडकीच्या खालच्या पट्टीवर बोट फिरवा. ओली लागली किंवा रंगाला फुगे आलेले दिसले तर त्यावर आधी बोला. झोपायच्या खोलीला स्वतःची खिडकी आहे का, ओट्यावरचा पंखा हवा खरोखर बाहेर टाकतो की नुसती फिरवून परत आत सोडतो, आणि हीटिंगचे बिल कोण भरते, हे तीन प्रश्न लेखी विचारा. आपल्याकडच्या फोडणीला तो पंखा बाहेर सोडणाराच लागतो.